मॅक्रोची फाईल माझ्याकडे चालते, शाखेत का चालत नाही?

उत्तराला हात घालण्याआधी आपला प्रश्न मी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक झाली असेल तर ती इथेच लक्षात येईल. आपल्या पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात मुदत ठेवींच्या पावत्या छापणारी, मुदतपूर्तीची यादी काढणारी आणि ठेवीदारांना आउटलुकमधून सूचना पाठवणारी मॅक्रोची (म्हणजे ही कामे आपोआप करणाऱ्या कोडची) एक एक्सेल फाईल आपण स्वतः तयार केली असून ती आपल्या संगणकावर दोन वर्षे बिनतक्रार चालली आहे. आपले ऑफिस २०१६ चे, ३२ बिटचे आहे. हीच फाईल आपण मेलने तीन शाखांना पाठवली. पहिल्या शाखेत फाईल उघडताच वर लाल पट्टी येते आणि बटण दाबले तरी काहीच होत नाही. दुसऱ्या शाखेत ऑफिस २०१० आहे. तिथे ‘कॅन्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी’ असा संदेश येतो आणि कोडमधला ‘डेट’ हा साधा शब्द निवडलेला दिसतो. तिसऱ्या शाखेत नवा संगणक आणि ६४ बिटचे ऑफिस आहे. तिथे तारीख निवडण्याची चौकट उमटतच नाही, आणि ती काढून साध्या चौकटीत हाताने तारखा भरल्या तर यादीतल्या काही तारखा चुकीच्या येतात. संगणक दुरुस्त करणाऱ्याने तिन्ही शाखांत ऑफिस काढून पुन्हा बसवायला सांगितले आहे. ते करावे का, असे आपण विचारता.

करू नये. एक दिवस वाया जाईल आणि सांगितलेल्या दोषांपैकी एकही जाणार नाही, कारण तिन्ही ठिकाणी ऑफिस जसे चालायला हवे तसेच चालत आहे. ‘मॅक्रो चालत नाही’ ही तक्रार एका वाक्यात मावते, पण आपल्या पत्रात एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार वेगळे दोष आहेत आणि चौघांचे उपाय निरनिराळे आहेत. त्यातला शेवटचा, चुकीच्या तारखांचा दोष आपण जाता जाता लिहिला आहे. माझ्या मते सर्वांत गंभीर तोच आहे, कारण बाकीचे तीन काम थांबवतात आणि हा काम चालू ठेवून हिशेब बिघडवतो.

चारही दोषांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे आणि ती नीट समजली तर पुढचे सगळे सोपे होते. एक्सेलची फाईल हा स्वयंपूर्ण प्रोग्राम नसतो. तिच्यात आपला कोड असतो, पण तो कोड बऱ्याच गोष्टी संगणकाकडून उसन्या घेतो: आउटलुकची लायब्ररी (तयार कोडचा संग्रह), तारखेची चौकट ज्या ओसीएक्स फाईलमध्ये असते ती फाईल, तारीख कशी वाचायची याचा विंडोजमधला नियम, फोल्डरांचे पत्ते आणि मॅक्रो चालवण्याची परवानगी. फाईल ज्या संगणकावर घडली तिथे ही उसनवारी निमूटपणे भागते, त्यामुळे आपण काही उसने घेतले आहे याचाच आपल्याला पत्ता नसतो. दुसऱ्या संगणकावर गेल्यावर प्रत्येक संगणक वेगळ्या ठिकाणी ‘नाही’ म्हणतो. म्हणून संगणक दुरुस्त करत फिरण्यापेक्षा फाईलची उसनवारी कमी करणे, हे मी गेली अठरा वर्षे लहान कार्यालयांसाठी अशा फाईली करताना शिकलो आहे. आणि ते पहिली काही वर्षे संगणकच दुरुस्त करत फिरल्यावर शिकलो आहे.

कोणत्याही उपायाआधी प्रत्येक संगणकाविषयी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. एक्सेलची आवृत्ती व बिट हे ‘फाईल’, ‘अकाउंट’, ‘अबाउट एक्सेल’ इथे दिसतात (२०१० मध्ये ‘अकाउंट’ऐवजी ‘हेल्प’ असते). फाईल तिथे कोणत्या मार्गाने पोहोचली, म्हणजे मेलने, पेन ड्राइव्हने की नेटवर्कवरून, ही दुसरी गोष्ट. आणि चूक सांगणाऱ्या संदेशाचे नेमके शब्द, ही तिसरी. ‘काहीतरी एरर येतो’ या माहितीवरून कोणालाच निदान करता येत नाही आणि आपण संदेश शब्दशः लिहिलेत म्हणूनच हे उत्तर इतके खात्रीने देता येत आहे. याखेरीज तिथे खरोखर मायक्रोसॉफ्टचे एक्सेलच आहे ना, हेही पाहून घ्यावे. तसेच दिसणारी मोफत पर्यायी सॉफ्टवेअर अनेक कार्यालयांत असतात आणि त्यांच्यात व्हीबीए, म्हणजे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात ती, एक तर मुळीच चालत नाही किंवा अर्धवट चालते. ब्राउझरमधल्या आणि मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये तर ते चालतच नाही.

आता पहिली शाखा. पट्टीचा रंग इथे महत्त्वाचा आहे. पिवळी पट्टी असेल तर तिच्यावर ‘एनेबल कंटेंट’ असे बटण असते आणि ते दाबले की काम होते. लाल पट्टीवर तसे बटण नसते, फक्त अधिक माहितीचा दुवा असतो. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाईलींतले मॅक्रो मुळातच रोखायला सुरुवात केली, त्याचा हा परिणाम आहे. फाईल मेलमधून किंवा ब्राउझरमधून उतरवली की विंडोज तिला ‘ही बाहेरून आली आहे’ अशी एक अदृश्य चिठ्ठी जोडते. ती चिठ्ठी फाईलच्या आत नसते, तर डिस्कच्या एनटीएफएस या रचनेत फाईलशेजारी ठेवलेली असते. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट-३२ किंवा एक्सफॅट रचनेचे असतात आणि त्या रचनांत अशा चिठ्ठीला जागाच नसते, त्यामुळे पेन ड्राइव्हवर नक्कल केली की ती गळून पडते. ‘मेलने पाठवली तर चालत नाही आणि शिपायाच्या हाती पेन ड्राइव्हने पाठवली तर चालते’ अशी चमत्कारिक वाटणारी तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. तिच्यामागे चमत्कार काही नाही, एवढेच आहे.

उपाय दोन आहेत. तात्पुरता असा, की एक्सेल बंद करून फाईलवर उजवी कळ दाबावी, ‘प्रॉपर्टीज’ उघडावे, खालच्या बाजूच्या ‘अनब्लॉक’ या चौकटीत खूण करावी आणि मग फाईल उघडावी. झिप करून पाठवली असेल तर झिपलाच आधी अनब्लॉक करावे, नाहीतर विंडोजमधून ती उलगडताना चिठ्ठी आतल्या फाईलींनाही चिकटते. कायमचा उपाय म्हणजे प्रत्येक शाखेच्या संगणकावर एक स्वतंत्र फोल्डर करून तो ट्रस्ट सेंटर या एक्सेलच्या सुरक्षा सेटिंगमधल्या ‘ट्रस्टेड लोकेशन्स’मध्ये नोंदवणे आणि फाईल नेहमी तिथूनच उघडणे. हा फोल्डर डाउनलोड्सचा मात्र नसावा, कारण मग उद्या कोणाच्याही मेलमधून आलेली फाईल तितक्याच विश्वासाने चालेल. ‘एनेबल ऑल मॅक्रोज’ हा पर्याय निवडून मोकळे होण्याचा सल्लाही आपल्याला मिळेल. लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्या संस्थेत तो कोणी दिला तर नम्रपणे नाकारावा. फाईल सामायिक सर्व्हरवर ठेवणार असाल तर आणखी एक बारकावा आहे: सर्व्हरचा पत्ता नावाऐवजी आकड्यांत दिला असेल, तर विंडोज त्या जागेला इंटरनेटच समजते आणि लाल पट्टी पुन्हा हजर होते.

दुसऱ्या शाखेतला दोष सर्वांत जास्त फसवतो, कारण एक्सेल बोट दाखवते एकीकडे आणि दुखणे असते दुसरीकडे. ‘डेट’ या शब्दात काहीही चूक नाही. तो शब्द कुठल्या लायब्ररीतला आहे हे शोधण्यासाठी व्हीबीए त्या फाईलला जोडलेल्या लायब्ररींची यादी पाहते. त्या यादीतली एखादी लायब्ररी संगणकावर सापडली नाही, की हा शोध अर्ध्यावर तुटतो आणि ‘डेट’, ‘फॉरमॅट’, ‘लेफ्ट’, ‘ट्रिम’ असे अगदी गरीब शब्दही ओळखेनासे होतात. त्या शाखेत ऑल्ट आणि एफ-११ दाबून संपादक उघडावा आणि ‘टूल्स’ मेनूतले ‘रेफरन्सेस’ पाहावे. ते फिकट दिसत असेल तर मॅक्रो मध्येच थांबलेला आहे. आधी वरच्या पट्टीतले ‘रीसेट’चे छोटे चौकोनी बटण दाबावे. उघडलेल्या यादीत एका ओळीच्या सुरुवातीला ‘मिसिंग’ असे लिहिलेले सापडेल, आणि ती ओळ आउटलुक १६.० ची असेल असा माझा कयास आहे.

हा कयास कशावरून, तर आवृत्त्यांच्या आकड्यांवरून. ऑफिस २०१० चा अंतर्गत क्रमांक १४, २०१३ चा १५ आणि २०१६ पासून पुढच्या सगळ्यांचा १६ आहे. जुन्या ऑफिसमध्ये केलेली फाईल नव्यात उघडली की एक्सेल तिची जोडणी आपोआप वरच्या क्रमांकावर नेते, पण नव्यातली फाईल जुन्यात उघडल्यावर ती खाली आणत नाही. जोडणी जिना चढते, उतरत नाही. त्यामुळे तीन शाखांत फिरणारी फाईल एखाद्याने नव्या संगणकावर उघडून नुसती सेव्ह केली, तरी ती जुन्या संगणकावर बंद पडू शकते, आणि ‘मी तर काहीच बदलले नाही’ हे त्याचे म्हणणे त्याच्या परीने खरेच असते.

‘मिसिंग’वरची खूण काढली तर ‘डेट’वरची चूक जाईल, पण मग आउटलुकचा कोड अडेल. नीट उपाय हा, की आपल्याच संगणकावर आउटलुकचा रेफरन्स, म्हणजे त्या लायब्ररीची जोडणी, काढून टाकावा, कोडमध्ये जिथे चलाचा (व्हेरिएबलचा) प्रकार आउटलुकचा म्हणून जाहीर केला आहे तिथे नुसते ‘ॲज ऑब्जेक्ट’ लिहावे आणि आउटलुक ‘क्रिएटऑब्जेक्ट’ने सुरू करावे. याला लेट बाइंडिंग म्हणतात. यात लायब्ररी आधीपासून जोडलेली राहत नाही. मॅक्रो चालतेवेळी त्या संगणकावर जे आउटलुक असेल त्याला हाक मारली जाते. टंकताना पुढचे पर्याय सुचवणारी यादी मिळत नाही, एवढाच तोटा. म्हणून मी रेफरन्स लावून लिहितो आणि वाटण्याआधी काढतो.

रेफरन्स काढताना एक खड्डा चुकवायचा आहे. आउटलुक किंवा वर्डची नावाने वापरलेली स्थिर मूल्ये रेफरन्सबरोबरच जातात आणि मोड्यूलच्या (कोडच्या पानाच्या) माथ्यावर ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ लिहिलेले नसेल तर व्हीबीए त्या नावांना रिकामे चल समजून शून्य धरते. आउटलुकमधल्या साध्या मेलचे मूल्य शून्यच असल्यामुळे तिथे काही बिघडत नाही आणि आपण निर्धास्त होतो. वर्डमध्ये मात्र पीडीएफचे मूल्य १७ आहे, आणि शून्य म्हणजे जुन्या पद्धतीची वर्ड फाईल. अशाच एका ठिकाणी महिनाभर पीडीएफ नावाच्या, पण उघडू न शकणाऱ्या फाईली सभासदांना जात होत्या, आणि त्या पाठवणारा कोड मी लिहिलेला होता. तेव्हापासून ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’शिवाय मी एक ओळही लिहीत नाही आणि वाटण्याआधी ‘डिबग’ मेनूतले, कोडमधल्या चुका आधीच दाखवणारे ‘कंपाइल’ चालवल्याशिवाय फाईल हातातून सोडत नाही.

तिसऱ्या शाखेतली तारखेची चौकट हा जुना वाद आहे आणि त्यात आपल्याला जिंकता येणार नाही. ती चौकट एमएसकॉमसीटी-२ नावाच्या ओसीएक्स फाईलमध्ये असते आणि त्या फाईलची ६४ बिटची आवृत्तीच निघालेली नाही. ६४ बिटचे ऑफिस ३२ बिटचे नियंत्रण आपल्या प्रक्रियेत घेऊ शकत नाही, मग ते कितीही वेळा नोंदवले तरी. आपल्या संगणकावर ती चालते, कारण तिथले ऑफिस ३२ बिटचे आहे आणि बहुधा कुठल्यातरी जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरने बसताना ती फाईल सोबत आणली होती. ओसीएक्स उतरवून सिस्टिम फोल्डरात टाकण्याचे सल्ले आपल्याला ठिकठिकाणी मिळतील. ३२ बिटच्या ऑफिससाठी ते चालतातही, फक्त ६४ बिटच्या विंडोजमध्ये ३२ बिटच्या फाईली ‘सिसवॉव-६४’ या फोल्डरात जातात आणि ६४ बिटच्या ‘सिस्टिम-३२’मध्ये, हे नामकरण ज्याने केले त्याने किती जणांची संध्याकाळ खाल्ली असेल, देव जाणे. पण हा मार्ग धरला तर प्रत्येक नव्या संगणकावर प्रशासकाचा पासवर्ड घेऊन आपल्यालाच जावे लागेल. २०१९ च्या सुरुवातीपासून ऑफिस काही न सांगता बसवले तर ६४ बिटचेच बसते, म्हणजे अशा संगणकांची संख्या वाढतच जाणार.

त्याच शाखेत ‘या प्रोजेक्टमधला कोड ६४ बिटसाठी सुधारावा लागेल’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला, तर कोडमध्ये कुठेतरी विंडोजचे फंक्शन ‘डिक्लेअर’ करून बोलावलेले आहे. त्या ओळीत ‘पीटीआरसेफ’ हा शब्द घालावा लागतो आणि पत्ते व हँडल ठेवणाऱ्या चलांचा प्रकार ‘लाँगपीटीआर’ करावा लागतो. ऑफिस २०१० पासून पुढे दोन्ही बिटवर हे चालते. मात्र नुसता शब्द घालून प्रकार तसाच ठेवणे धोक्याचे आहे, कारण मग संदेश जातो आणि एक्सेल कधीतरी न सांगता बंद पडते. बहुतेक वेळा ते फंक्शन काढूनच टाकता येते. क्षणभर थांबण्यासाठी विंडोजचे ‘स्लीप’ बोलावण्याची गरज नाही, एक्सेलचे स्वतःचे ‘वेट’ पुरते.

इथे थोडे ॲक्टिव्हएक्सविषयी, म्हणजे तारखेची ती चौकट ज्या तंत्रावर बनली आहे त्याविषयी, बोलणे भाग आहे, कारण आपल्या शीटवरची बटणेही त्याच जातीची आहेत असे आपल्या वर्णनावरून दिसते. ‘डेव्हलपर’ टॅबमधल्या ‘इन्सर्ट’ खाली दोन गट असतात: वरचा फॉर्म कंट्रोल्सचा आणि खालचा ॲक्टिव्हएक्सचा. दोन्हीकडची बटणे जवळजवळ सारखी दिसतात, म्हणून नवखा माणूस जास्त सोयी दिसणारी खालची उचलतो. त्या सोयींची किंमत पुढे मोजावी लागते. डिसेंबर २०१४ च्या एका सुरक्षा अद्यतनानंतर असंख्य फाईलींतली ॲक्टिव्हएक्स बटणे एकाएकी मुकी झाली होती आणि टेम्प फोल्डरातल्या ईएक्सडी प्रकारच्या साठवणीच्या फाईली पुसल्यावरच ती पुन्हा बोलू लागली. जुन्या संगणकावर बटण निवडता येत नसेल किंवा ‘ऑब्जेक्ट लायब्ररी इनव्हॅलिड’ असे काही येत असेल, तर हा उपाय आजही करून पाहावा. एक्सेल बंद असताना त्या फाईली पुसल्याने काही नुकसान होत नाही, एक्सेल त्या नव्याने तयार करते. मॅकवरच्या एक्सेलमध्ये ॲक्टिव्हएक्स चालतच नाही. ऑफिस २०२४ मध्ये ते मुळातच बंद ठेवलेले आहे, आणि एप्रिल २०२५ पासून मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्येही काही न विचारता बंद ठेवण्याचे धोरण आले. ट्रस्ट सेंटरमध्ये ते पुन्हा चालू करता येते, पण बनवणाऱ्यानेच ज्याच्याकडे पाठ फिरवली आहे त्यावर आपण नवी भिंत चढवू नये.

याशिवाय या बटणांना फुगण्याची खोड आहे. एका लहान कारखान्याच्या वेतनपत्रकात मी हजेरी भरण्याचे असे एक बटण ठेवले होते. तिथला लिपिक लॅपटॉप कधी स्वतःच्या पडद्यावर, म्हणजे १२५ टक्के मोठ्या अक्षरांवर वापरी आणि कधी बाहेरच्या मोठ्या पडद्याला जोडून १०० टक्क्यांवर. प्रत्येक दाबण्यासरशी ते बटण कणाकणाने मोठे होत गेले आणि महिनाअखेरीस कामगारांच्या नावांचा अर्धा रकाना झाकून बसले. ‘साहेब, बटण बाळसे धरतेय’ असा त्याचा फोन आला, तेव्हा मला आधी थट्टाच वाटली होती. मी ते काढून साधा आयत काढला, त्यावर उजवी कळ दाबून ‘असाइन मॅक्रो’ने तोच मॅक्रो लावला, आणि ती तक्रार पुन्हा आली नाही. आपणही शीटवरच्या सगळ्या बटणांचे हेच करावे. ॲक्टिव्हएक्स बटणाचा कोड शीटच्या मोड्यूलमध्ये असतो, तो साध्या मोड्यूलमध्ये हलवावा लागेल. अर्ध्या तासाचे काम आहे.

आता तारखांकडे वळतो. आपल्या कोडमध्ये चौकटीतला मजकूर ‘सीडेट’ने तारखेत बदललेला असणार. ‘सीडेट’ विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगप्रमाणे वाचते. आपल्या संगणकावर ते भारताचे आहे, म्हणून ०५/०४/२०२४ ही ५ एप्रिल होते. नव्या संगणकावर ते अमेरिकेचे राहून गेले असेल, तर तोच मजकूर ४ मे होतो. आणि खरी गोम पुढे आहे: १५/०४/२०२४ लिहिले तर पंधरावा महिना नसल्यामुळे व्हीबीए स्वतःहून क्रम उलटून १५ एप्रिल असे बरोबर वाचते, काही तक्रार करत नाही. म्हणजे दर महिन्याच्या १३ तारखेपासूनचे सगळे ठीक आणि पहिल्या बारा दिवसांतले, दिवस व महिना एकच असलेला एक दिवस सोडून, अकरा दिवस उलटे. वर्षाच्या ३६५ पैकी १३२ तारखा अशा चुकतात आणि उरलेल्या बरोबर येतात, म्हणून तपासणाऱ्याने वरवर चार नोंदी पाहिल्या तर त्या चारही बरोबर निघू शकतात. वरच्या उदाहरणात फरक २९ दिवसांचा आहे. एक लाख रुपयांच्या ठेवीवर द.सा.द.शे. ९ दराने तेवढ्या दिवसांचे व्याज सुमारे ७१५ रुपये होते. कोणत्या ठेवीदाराला ते जास्त गेले आणि कोणाला कमी, हे लेखापरीक्षकाने शोधण्याआधी आपण शोधलेले बरे.

त्या शाखेतल्या नोंदी शोधण्याची सोपी रीत अशी, की यादी पावती क्रमांकाने लावून तारखांचा रकाना वरून खाली वाचावा. पावत्या क्रमाने फाडलेल्या असल्याने तारखा पुढेच जायला हव्यात. एप्रिलच्या दोन पावत्यांच्या मध्येच मे किंवा ऑगस्ट उगवला, तर ती नोंद उलटलेली आहे. बारापर्यंतच्या दिवसांच्या सर्व नोंदी तरीही मूळ कागदी पावतीशी ताडून पाहाव्यात.

ही चूक पुन्हा होऊ नये यासाठी त्या संगणकाचे सेटिंग बदलता येईल आणि ते बदलावेही, पण त्यावर विसंबू नये. तीही एक उसनवारीच आहे. माझा उपाय तारखेच्या चौकटीचा प्रश्नही सोबतच सोडवतो. यूजरफॉर्मवर (मॅक्रोने उघडणाऱ्या स्वतंत्र चौकटीवर) दिवस, महिना आणि वर्ष अशा तीन साध्या उतरत्या याद्या ठेवाव्यात. या याद्या ऑफिसबरोबरच येतात, त्यांना वेगळी ओसीएक्स लागत नाही. महिन्यांची यादी नावांची असावी आणि निवडलेल्या तीन आकड्यांतून ‘डेटसिरियल’ने तारीख बनवावी. ‘डेटसिरियल’ला वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठरलेला असल्यामुळे सेटिंग कुठलेही असो, उत्तर एकच येते. फक्त ३० फेब्रुवारी दिली तरी ते नाही म्हणत नाही, २०२४ साली तिची गुपचूप १ मार्च करते. म्हणून बनलेल्या तारखेचा दिवस आणि निवडलेला दिवस सारखा आहे का, ही एका ओळीची तपासणी लगेच खाली लिहावी.

आणि तारीख शीटवर लिहिताना ती तारीख म्हणूनच लिहावी. अनेक जण ‘फॉरमॅट’ने तिचा दिवस-महिना-वर्ष असा मजकूर करतात आणि तो सेलमध्ये टाकतात. व्हीबीएने सेलमध्ये टाकलेला तारखेसारखा मजकूर एक्सेल अमेरिकी क्रमाने वाचते, मग विंडोजचे सेटिंग भारताचे असले तरीही. म्हणजे हा दोष आपल्या स्वतःच्या संगणकावरही लपलेला असू शकतो आणि दोन वर्षे कोणाच्या ध्यानात आलेला नसू शकतो. सेलला तारीखच द्यावी, आणि ती कशी दिसावी हे ‘नंबरफॉरमॅट’ने ठरवावे.

आपण विचारले नाही, पण पुढच्या महिन्यात विचाराल असे दोन-तीन प्रश्न मला आत्ताच दिसत आहेत. पावतीवर रक्कम अक्षरी छापण्याचे फंक्शन आपण वेगळ्या ॲड-इनमध्ये, म्हणजे एक्सेलला जोडलेल्या दुसऱ्या फाईलमध्ये, ठेवले असेल, तर शाखेत त्या सेलच्या सूत्रात आपल्याच संगणकावरच्या फोल्डराचा लांबलचक पत्ता दिसेल आणि उत्तराऐवजी चूक येईल. ते फंक्शन फाईलच्याच मोड्यूलमध्ये आणावे. ते मायक्रोसॉफ्टच्या नमुन्यावरून घेतले असेल, तर त्यात डॉलर आणि मिलियन आहेत. लाख-कोटीसाठी ते बदललेले आहे ना, हेही पाहावे. दुसरे असे, की फाईल वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीत, गेली की ‘धिसवर्कबुक डॉट पाथ’ हे डिस्कवरचा पत्ता न देता इंटरनेटचा पत्ता देऊ शकते आणि त्या पत्त्यावर फाईली शोधणारे ‘डिर’ चालत नाही. नव्या संगणकांवर डेस्कटॉपसुद्धा पुष्कळदा वनड्राइव्हच्या पोटात असतो, त्यामुळे ‘फाईल तर डेस्कटॉपवरच आहे’ हे उत्तर पुरेसे नसते.

तिसरी गोष्ट आपल्या भाषेची आहे. व्हीबीएचा संपादक युनिकोड, म्हणजे देवनागरीसह सर्व लिप्या साठवण्याची पद्धत, जाणत नाही. त्यात मराठीत लिहिलेला संदेश तिथल्या तिथेच प्रश्नचिन्हांची रांग होऊन बसतो, आणि सेलमधले ठेवीदाराचे नाव मेसेज बॉक्समध्ये दाखवायला गेले तरी प्रश्नचिन्हेच उमटतात. काही जण यावर कंटाळून ‘कृपया तारीख भरा’ हे रोमन लिपीत लिहितात. त्याची गरज नाही. सगळे मराठी संदेश एका लपवलेल्या शीटवर लिहून ठेवावेत आणि मेसेज बॉक्सऐवजी लहानशा यूजरफॉर्मवरच्या लेबलला तो सेलमधला मजकूर चालतेवेळी द्यावा. लेबल देवनागरी व्यवस्थित दाखवते.

कामाचा क्रम विचाराल तर आज तिसऱ्या शाखेतल्या पावत्या ताडून पाहाव्यात आणि तोवर तिथे फाईल वापरणे थांबवावे. नंतर आपल्याकडे फाईलची नक्कल काढून रेफरन्स, बटणे आणि तारखा हे बदल करावेत, आणि ती नक्कल सर्वांत आधी दुसऱ्या शाखेतल्या ऑफिस २०१० वर कंपाइल करून पाहावी. जुन्यात जुन्या संगणकावर जी फाईल चालते ती नव्यावर बहुधा चालते. उलटे गृहीत धरता येत नाही. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात फाईलचा आवृत्ती क्रमांक व तारीख लिहावी, म्हणजे फोनवर बोलताना समोरचा कोणती फाईल उघडून बसला आहे हे कळते.

एक गोष्ट आपल्या उत्तरावर अवलंबून आहे. दुसऱ्या शाखेत आउटलुक बसवलेलेच नसेल, किंवा तिसऱ्या शाखेत विंडोजबरोबर येणारे नवे आउटलुक असेल, तर ‘क्रिएटऑब्जेक्ट’ला हाक ऐकणारे तिथे कोणी नसेल, कारण नवे आउटलुक व्हीबीएकडून चालवता येत नाही. तसे असेल तर सूचना शाखेतून न पाठवता शाखेने फक्त यादी मुख्य कार्यालयाला द्यावी आणि मेल आपल्या संगणकावरून जावेत, हे मला सोपे वाटते. दोन्ही ठिकाणी आउटलुक कोणते आहे ते पाहून कळवावे.